गळती

चाळीस वर्षं हेल्दुरने तार्तूतले थेंब थांबवले.
आन्नेलिनच्या नऊमजली इमारतींत असा नळ नसेल
ज्याचा वायसर त्याने बदलला नाही.
आता निवृत्त झाला, आणि आमच्याच स्वयंपाकघरात
स्वतःच्या हाताने गळती सुरू केली.

दुधाची पिशवी धुऊन, पाणी भरून
कपाटाच्या कडीला टांगलीय,
खालच्या कोपऱ्याला सुईचं भोक.
त्याखाली माझा केकचा ट्रे, काठोकाठ.
मागे नातीचा निळा कागद.
फ्लॅश उभा राईच्या पिठाच्या डब्यावर.

"पेन्सिल धर," म्हणतो.
थेंब पडणार तिथे मी पेन्सिल उभी धरते,
तो तिच्या टोकावर फोकस जमवतो, सावकाश,
तोवर थेंब पेन्सिलीवरून मनगटावर,
मनगटावरून बाहीत.
डिसेंबर. साडेतीनलाच मिट्ट काळोख,
पण त्याला तेवढा पुरत नाही:
फ्रिजच्या हिरव्या ठिपक्यालाही चिकटपट्टी लावलीय.

युक्ती सोपी आहे, तो सांगतो (तिसऱ्यांदा).
टिपतो तो उजेड. शटर बिचारं दोन सेकंद उघडंच.
फ्लॅशची ताकद उतरवायची, पार बत्तिसाव्या हिश्शावर,
म्हणजे तो लगेच विझतो,
इतका लगेच की पाण्याला
पडायचं राहूनच जातं.

पण पेटवायचा कधी?

ड्रिलांनी, पंपांनी, तळघरातल्या बॉयलरांनी
त्याचे कान केव्हाच नेले.
अंधारात थेंबाचा पत्ता कानालाच ठाऊक,
म्हणून बटण माझ्याकडे.

पहिल्या संध्याकाळी मी ऐकून दाबत राहिले.
टप्, उजेड. टप्, उजेड.
एकशे बारा फोटो, आणि सगळ्यांत
नुकतंच कुणी उठून गेलेल्या उशीसारखं पाणी.

ऐकू आलं म्हणजे होऊन गेलेलं असतं.
मला तरी हे कळायला हवं होतं.
तीस वर्षं शाळेच्या गायनवृंदापुढे उभी होते मी.
हात सुरावर पडला तर उशीर झाला;
हात पडायचा त्याच्या आधी,
सत्तर पोरं एकदम छाती भरतात तिथे.

मग मोजायला लागले.
पिशवीची लय विलंबित,
पाणी उतरेल तशी आणखी रेंगाळणारी.
एक. दोन. तीन.
आणि चारच्या जरा अलीकडे,
जिथे अजून काहीच नाही, तिथे दाबलं.

"वाइके," हेल्दुर कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकून म्हणाला, "ये."
मुकुट होता. मी मोजली, एकोणीस टोकं,
एक टोक तुटून हवेत, आपल्याच नादात.
रविवारी दोन थेंब घाईघाईने पाठोपाठ सुटले,
पहिल्याचा खांब वर येतोय
तर दुसरा नेमका त्याच्या डोक्यावर:
सप्टेंबरच्या जंगलात उगवते तशी
कुत्र्याची छत्री, पाण्याची.
त्या रात्री आम्ही जेवलोच नाही.
ट्रे भरून वाहत होता तेही बघितलं नाही.

बेल वाजली. खालची साल्मे, गाउनमध्ये.
"प्लंबरच्या खाली घर घेतलं ते यासाठी?"

हेल्दुरला बेल ऐकू आली नव्हती,
तिचा चेहरा मात्र वाचता आला.
कान लाल झाले त्याचे.
पान्यांची पेटी उचलली, दारापर्यंत गेला,
परत आला,
कॅमेराही गळ्यात अडकवला.

चौथ्या मजल्यावर, साल्मेच्या छताला
एक थेंब फुगत होता, सुटू की नको करत.
त्यात तिचं सगळं घर उलटं:
टेबल, विणकामाची टोपली, खिडकीतल्या मेणबत्त्या,
आणि साल्मे, कमरेवर हात, डोकं खाली.

"जरा दिवा मालवशील?" हेल्दुर म्हणाला.
ती माझ्याकडे बघायला लागली.
मी हात वर केला, थांब,
आणि श्वास घेतला.